बोटभर काच

"ताई, गाडी बेस हाय. पन एक काच बोटभर खाली ठेवत जा. कोंडलेली हवा नासते."

नव्या गाडीच्या बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढता काढता केतकी गावंडेने मान वर केली. बोलणारे होते बंडूभाऊ खंडारे. अकोल्यात वाशीम बायपासला त्यांचं गाड्यांच्या एसीचं दुकान. केतकीच्या सासऱ्यांच्या जुन्या गाडीचा एसी त्यांनीच सतरा वर्षं जगवला होता, म्हणून पेढे खायला त्यांना आवर्जून बोलावलेलं.

"भाऊ, काच उतरवली की पंचेचाळीस डिग्रीची हवा आत. मग एवढे पैसे कशाला मोजले आम्ही?"

"थे बी बरोबर हाय म्हना." बंडूभाऊंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, समोर हवा आत जायच्या फटीत बोट घालून पाहिलं, ते आत जाईना. "पन इतकं कमी पिते म्हंजे कुठी ना कुठी हात आखडून घेत असन. कुठी, थे पाहून ठेवा."

ते गेल्यावर तिचा नवरा हर्षल म्हणाला, "जळतात गं. या गाडीचा एसी बाहेरच्या मेकॅनिकला उघडायची परवानगीच नाही. दुकान बसणार त्यांचं."

दोघंही हसले. वर्षभराने केतकीला बंडूभाऊंचं बोलणं आठवलं तेव्हा त्याच्या मागोमाग हे हसूही आठवलं, आणि तेच जास्त बोचलं.

गाडीचं नाव होतं मिताशी. थोडकं खाणारी.

तशी केतकी जाहिरातीला भुलणारी नव्हती. रसायनशास्त्रात बी.एस्सी., लग्नाआधी तीन वर्षं पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी. शर्वी झाली आणि नोकरी सुटली, पण तपासायची खोड काही सुटली नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची. शर्वीचं अंग तापलं की थर्मामीटर आधी स्वतःला लावून बघायची, तो बरोबर आहे ना याची खात्री करायला. गाडी घ्यायच्या आधीही तिने जेवणाच्या टेबलावर वही उघडली होती.

"साधी गाडी उन्हाळ्यात एसी लावून लिटरला सोळा देते. मिताशी चाळीस. आपलं महिन्याचं नऊशे किलोमीटर होतं. म्हणजे चौतीस लिटर वाचलं. एकशे सत्तरचा भाव धर. पावणेसहा हजार."

"बघ! मी काय म्हणत होतो?" हर्षलने टेबलावर थाप मारली.

"थांब ना जरा. ही गाडी साधीपेक्षा चार लाखांनी महाग आहे. त्या वरच्या चार लाखांचा हप्ताच साडेआठ हजार बसतो. म्हणजे पेट्रोल वाचवायचं म्हणून आपण दरमहा पावणेतीन हजार घरातून घालायचे."

हर्षलचा चेहरा उतरला. शोरूमला तो तीनदा जाऊन आला होता. मग त्यानेच तोड काढली. "शर्वीला शाळेत सोडायला तू जातेसच ना? कॉलनीतली अजून तीन पोरं घे. सगळे व्हॅनवाल्याला वैतागलेत. प्रत्येकी दीड हजार."

साडेचार हजार. गणित पहिल्यांदाच नफ्यात आलं. सतराशे आणि वर काही रुपये. केतकीने त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. वाचणारा पैसा पेट्रोलचा नव्हता, लोकांच्या पोरांचा होता, हे तिला तेव्हाही दिसत होतं. पण आकडा तर खरा होता.

मिताशीचं पेट्रोल-बॅटरीचं जोडइंजिन जगावेगळं नव्हतं. जगावेगळी होती ती तिच्यातली हवा. विदर्भात गेले काही उन्हाळे पारा अठ्ठेचाळीसला टेकत होता, आणि अशा उन्हात पेट्रोलचा मोठा वाटा चाकांपेक्षा एसीकडे जातो. आत बसलेली माणसं श्वास सोडतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, म्हणून बाहेरची ताजी हवा सारखी आत ओढावी लागते. ती येते भट्टीसारखी तापलेली. तिला थंड करता करता गाडीचा जीव जातो.

मिताशी बनवणाऱ्यांनी विचार केला, बाहेरची हवा घ्यायचीच कशाला? आतलीच धुऊन पुन्हा वापरू. त्यासाठी त्यांनी एक जाळी बनवली. तिच्यावर एका रसायनाचा थर होता. तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायचा. थर भरला की इंजिनाची वाया जाणारी उष्णता जाळीत सोडायची. जाळी तापली की धरलेलं सगळं गाडीबाहेर ओकून टाकायची आणि पुन्हा रिकामी व्हायची. उष्णता फुकटची, त्यामुळे खर्च काहीच नाही. काचा कायम बंद, आत गारवा, आणि पडद्यावर एक हिरवं पान: 'हवा उत्तम'.

काच उघडायचीच म्हटलं तर पडद्यावर दोनदा होकार द्यावा लागे, आणि वर तांबड्या अक्षरांत यायचं: 'या निर्णयाची किंमत: किलोमीटरला पंचाहत्तर पैसे.' केतकीने वर्षभरात एकदाही होकार दिला नाही.

शिवाय गाडीच्या ॲपवर 'बचत मंडळ' होतं. कोणाची गाडी लिटरला किती देते, याची जिल्ह्याजिल्ह्यांतून यादी लागायची, खाली गप्पाही चालायच्या. केतकी बेचाळीसवर पोहोचली आणि आजूबाजूच्या चार जिल्ह्यांत दुसरी आली. पहिल्या नंबरावर कायम एकच नाव असे: सुपडा मामा, खामगाव. सत्तेचाळीस. फोटोत पांढरी मिताशी, मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत चार नातवंडांची नावं. निवृत्त पोस्टमन, मुलगा-सून दोघं नोकरीला, नातवंडांची शाळेची ने-आण मामांकडे.

'मामा, सत्तेचाळीस कसं काय जमतं?' तिने एकदा विचारलं होतं.

'सोपं हाय पोरी,' मामांनी लिहिलं होतं. 'गावातल्या गावात हळू चालवाची. हायवेवर न्यायचीच नाही. दार झटकन उघडाचं न झटकन लावाचं. आन पोट्टे आता इतके शांत बसतात का मले वाटते मी एकटाच चाललो.'

केतकीने त्याला हसरा चेहरा पाठवला होता.

तिच्याही गाडीत मुलं शांत बसायची. शाळा सहा किलोमीटरवर, सकाळच्या गर्दीत वीस-पंचवीस मिनिटं. गोरक्षण रोड ओलांडेपर्यंत मागच्या सीटवर गोंधळ असायचा, मग एकेकाची मान कलायची. शर्वी तोंड उघडं टाकून झोपायची. तायडे वहिनींचा नीलय, चौघांत सगळ्यात लहान, मधे बसून डोळे मिचकावत राहायचा.

"जादूच आहे बाई तुझ्या गाडीत," तायडे वहिनी म्हणायच्या. "व्हॅनमध्ये आमचा नीलय माकडासारखा उड्या मारायचा. तुझ्याकडे कसा देवासारखा बसतो!"

शर्वीच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की पहिल्या तासाला ती जांभया देते. केतकीने तिची झोपायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली. नीलयला दोनदा उलटी झाली. वहिनींनी खिशात लिंबू दिलं. दुपारी घरी आल्यावर केतकीचं डोकं जड असायचं. ऊन लागतं, दुसरं काय? अकोल्यात एप्रिलमध्ये कोणाचं डोकं दुखत नाही? प्रत्येक गोष्टीला आपलं आपलं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. काळजी करणारी बाई म्हणून घरात तिची थट्टा व्हायची, पण या वेळी काळजी नेमकी कुठे करायची, तेच तिला सापडत नव्हतं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर चौघांना घेऊन ती परतत होती. उड्डाणपुलाखाली गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. समोरून एक माणूस टरबुजांची हातगाडी आडवी घेऊन चालला होता. केतकीला तो दिसला. नीट दिसला. त्याच्या डोक्याला गुंडाळलेला निळा पंचाही दिसला. आता ब्रेक दाबायचा, हेही तिला कळलं. पण ते कळणं आणि पाय हलणं, यांच्या मधे कोणीतरी कापूस भरून ठेवला होता.

धाडकन आवाज झाला. हातगाडीचं टोक बॉनेटला घासलं, एक टरबूज रस्त्यावर फुटलं.

"ओ बाई!" तो माणूस काचेवर थापा मारत होता. "डोये उघडे ठेवून झोपल्या का?"

काच उघडेना, म्हणून तिने दारच उघडलं. चव्वेचाळीस डिग्रीचा झोत तोंडावर आला. आणि नवल असं की त्या झळांनी तिचं डोकं हलकं झालं. एकदम, कोणी डोळ्यांवरून ओला फडका फिरवावा तसं. मागून शर्वी जागी होऊन म्हणाली, "आई, आलं घर?" नीलयने मधल्या सीटवर उलटी केली.

टरबुजाचे पैसे देऊन, हात जोडून तिने गाडी बाजूला घेतली. चारही दारं उघडी टाकली आणि फुटपाथवर पोरांना सावलीत उभं केलं. पडद्यावर हिरवं पान तसंच होतं. हवा उत्तम, कार्बन डायऑक्साइडचा आकडा सहाशे दहा. आणि तेव्हा तिला बंडूभाऊ आठवले, आणि ते हसू.

रविवारी सकाळी तिने सासऱ्यांची तंबाखूची डबी उघडली.

"सूनबाई, आता माझी तंबाखूबी तपासतेस का काय?"

"तंबाखू नको बाबा. चुना हवाय."

"कोणाले लावतेस चुना?"

"अजून ठरलं नाही," केतकी म्हणाली. "कदाचित आपल्यालाच लागलाय."

चुन्याची निवळी तिने काचेच्या दोन बाटल्यांत सारखी मोजून घेतली आणि प्रत्येकीत चिमूटभर हळद टाकली. पाणी लालभडक झालं. यात नवीन काही नाही. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं. पण त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळत गेला की चुन्याचा जोर मरतो आणि हळद पुन्हा पिवळी होते. हवेत तो जितका जास्त, तितकी लवकर. शर्वीला दम लागायचा तेव्हा वाफ द्यायला आणलेलं बॅटरीवरचं मशीन कपाटात होतं. त्याच्या नळीने हवा बुडबुड्यांनी बाटलीत सोडायची आणि घड्याळ लावायचं. एवढाच प्रयोग.

पहिली बाटली गच्चीवर लावली. लाल पाणी पिवळं व्हायला एकवीस मिनिटं लागली.

मग शर्वीला शेजारी ठेवून केतकी, हर्षल आणि सासरे असे तिघं गाडीत बसले. कॉलनीतल्याच गल्ल्यांत पंधरा मिनिटं फिरले. सासरे मागे जांभई देऊन म्हणाले, "गारवा मस्त हाय पन." केतकीने मशीन सुरू केलं. हर्षल हातात बाटली धरून बसला होता.

तीन मिनिटांत पाणी पिवळं झालं.

"सात पट," केतकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "बाहेरच्या हवेत दहा लाखांत साडेचारशे भाग धर. म्हणजे इथे तीन हजारांच्या वर. आणि ही दाखवते सहाशे."

"हळदीवर विश्वास ठेवायचा, की एवढ्या मोठ्या कंपनीवर?"

"हळदीला मायलेज दाखवायचं नसतं, हर्षल."

"पण तीन हजारांनी मरत नाही ना कोणी?"

"मरत नाही. झोप येते. डोकं मंद चालतं. मागे बसलेल्याचं ठीक आहे रे. चालवणाऱ्याचं काय?"

कंपनीच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाजाची मुलगी होती. "मॅडम, आपला सेन्सर एकदम व्यवस्थित आहे. तो दर आठवड्याला स्वतःला आपोआप जुळवून घेतो."

"कशाशी जुळवून घेतो?"

"आठवड्याभरात त्याला मिळालेल्या सगळ्यात स्वच्छ हवेशी."

"आणि ती स्वच्छ आहे, हे त्याला कोण सांगतं?"

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, प्रत्येक गाडीला कधी ना कधी ताजी हवा मिळतेच, असं गृहीत धरलेलं आहे."

केतकीने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. हिरवं पान गाडी सुरू झाल्यावर तीन मिनिटांनी उमटायचं. वीज वाचवायला सेन्सर तोवर झोपलेला असे. दार उघडल्यावर आत आलेली ताजी हवा पाच जणांच्या श्वासांनी त्या तीन मिनिटांत शिळी झालेली असायची. बिचाऱ्याला ताजी हवा कधी भेटलीच नाही. जी त्यातल्या त्यात बरी होती, तिलाच तो ताजी समजत गेला. आठवड्यामागून आठवडे, आकडा थोडा थोडा खाली. थर्मामीटर आधी स्वतःला लावून बघणाऱ्या बाईने वर्षभर हे पान एकदाही तपासलं नव्हतं.

सोमवारी मुलांना रिक्षाने पाठवून ती गाडी बंडूभाऊंकडे घेऊन गेली. दुकानाचं अर्धं शटर खाली होतं. अर्ध्या जागेत आता कूलरच्या टाक्या विकायला ठेवल्या होत्या. कंपनीचं सील तोडायचं म्हणजे वॉरंटी गेली. केतकीने तोडायला सांगितलं.

बंडूभाऊंनी जाळी काढून उजेडात धरली, बोटांनी चाचपली. "ताई, हिले तापवाची सोय कुठी हाय?"

"इंजिनाच्या गरमीवर तापते ती."

"मंग झालं." त्यांनी जाळी तिच्या हातात दिली. जड होती. "तुमची गाडी सहा किलोमीटर जाते, न थे बी अर्धी बॅटरीवर. इंजिन धड गरमच होत नाही. जितकं कमी पिते तितकं कमी तापते. हे जाळी पयल्याच महिन्यात भरली असन. तवापासून नुसती टांगून हाय."

म्हणजे लांबच्या रस्त्याला धावणारी गाडी बरी. गावातल्या गावात जपून चालवणारा, काटकसर करणारा, त्याचीच जाळी आधी मेली.

"भाऊ, तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही हसलो."

बंडूभाऊ हात पुसत राहिले. "खरं सांगू का ताई? मले कायबी मालूम नव्हतं. धंदा बसनार म्हून जळून बोललो होतो मी. जुन्या गाड्यांत हवा नासते म्हून सांगून टाकलं. खरं निंघालं, याचंच मले भेव वाटून रायलं."

परत येताना तिने पडद्यावर दोनदा होकार दिला आणि काच बोटभर खाली घेतली. झळा आल्या, धूळ आली, टायरांचा आवाज आला. जगात इतका आवाज असतो, हे ती विसरूनच गेली होती.

"नवी जाळी टाकू, विषय संपला," हर्षल म्हणाला. "कॉलनीत कशाला बोंब मारतेस?"

"वर्षभर त्यांची पोरं मी नेली."

"आणि सुखरूप आणली! काही झालं का? उद्या सगळे पोरं काढून घेतील. चार वर्षं हप्ते आहेत अजून, केतकी. सतराशे राहायचे, तेही गेले."

"ते सतराशे कशाचे होते, ते आता कळलं ना तुला?"

गाडी त्याच्या हट्टाने आली होती, पण पोरांना घेऊन चालवली तिने होती. दोघंही हे मनात तोलत होते. शेवटी हर्षल उठला आणि म्हणाला, "मी येऊ का तुझ्यासोबत?" ती नको म्हणाली.

तायडे वहिनी भाजी निवडत होत्या. केतकीने सगळं सांगितलं. जाळी, सेन्सर, हळद, हातगाडी. वहिनींच्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली.

"म्हणजे तो देवासारखा बसायचा ते..."

"हो वहिनी."

"आणि मी तुझं कौतुक करत होते." वहिनींचे डोळे भरले, पण आवाज कोरडा होता. "बी.एस्सी. ना गं तू? सगळ्यांच्या दुधाच्या तारखा वाचतेस."

केतकी मान खाली घालून उभी राहिली. "डॉक्टरांना दाखवू नीलयला. मी येते सोबत."

"नको. माझं मी बघते." दारापर्यंत आल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आता काही दिवस माझ्याकडे येऊ नकोस."

आठवड्यात तिन्ही घरांनी आपली मुलं काढून घेतली. त्यातल्या एका मुलीच्या आजोबांनी पुढच्या महिन्याचे आगाऊ दिलेले पैसेही परत मागितले. शर्वी आता मागे एकटी बसते, बोटभर उघड्या काचेशी नाक लावून दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचते. पहिल्या दिवशी केतकीला तो गोंगाट सहन होईना. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच शर्वीला चिडवलं, "ती पाटी चुकली, परत वाच."

त्याच दिवशी घरी आल्यावर तिने सवयीने बचत मंडळ उघडलं. तिचा नंबर एकोणतिसावर घसरला होता. आणि सगळ्यात वर, होता तिथेच, सुपडा मामा. सत्तेचाळीस पूर्णांक चार.

गावातल्या गावात. हायवेवर न्यायचीच नाही. दार झटकन उघडायचं, झटकन लावायचं. चार नातवंडं आणि एक म्हातारा माणूस. यादी जी बचतीची वाटत होती, ती खरं तर कोणाच्या गाडीत सगळ्यात कमी ताजी हवा आहे, याची होती. आणि ती स्वतः वर्षभर पहिला नंबर मिळवायला धडपडत होती.

तिने घाईघाईने लिहिलं, 'मामा, काच उघडा. आधी काच उघडा, मग मला फोन करा.' आपला नंबर टाकला. आणखी दोन ओळींत जाळीचं लिहिलं. पाठवलं. पाच मिनिटांनी तिचा मजकूर गायब झाला. पुन्हा टाकला. मग पडदा पांढरा झाला: 'सुधारणेसाठी बचत मंडळ काही काळ बंद.'

मदत क्रमांकावरच्या मुलीने ग्राहकाचा फोन देता येत नाही म्हणून सांगितलं. खामगावच्या पोस्टात फोन केला, तर 'आडनाव सांगा' म्हणाले. आडनाव तिला कुठे माहीत होतं? दोन दिवस वाट पाहून तिने तिथल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या दैनिकाच्या वाचकांच्या पानासाठी पत्र लिहिलं. हर्षलने ते वाचलं, एक जागा दुरुस्त केली आणि स्वतः नेऊन दिलं. पत्र छापून आलं ते असं:

'मिताशी गाडी पैसे वाचवते का, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझा हिशेब सांगते. काच बोटभर खाली ठेवली की ती लिटरला चौतीस देते. जादा हप्ता धरला तर दरमहा साडेतीन हजार माझ्या घरातून जातात. गाडी विकून कर्ज फिटत नाही, म्हणून ठेवली आहे. तुमचा हिशेब वेगळा असेल. तुम्ही रोज लांब जात असाल, तर ती तुम्हाला परवडेलही. पण आधी चुना आणि हळद घेऊन तुमची हवा तपासा. कृती खाली दिली आहे.

आता खरं कारण. खामगावात सुपडा मामा नावाचे एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांचं आडनाव, पत्ता, फोन मला माहीत नाही. गाडी पांढरी मिताशी, मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत चार नातवंडांची नावं. ते सकाळी सातच्या शाळेला मुलांना घेऊन जातात. माणूस सावकाश चालवतो, जपून चालवतो, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. माझा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

हे वाचणारं कोणी खामगावचं असेल, तर एक काम करा. उद्या सकाळी जवळच्या शाळेच्या फाटकाशी थांबा. पांढरी गाडी दिसली की काचेवर टकटक करा. मामा हसून म्हणतील, पोट्टे झोपलेत, उठवू नका. त्यांचं ऐकू नका. दार उघडा.'